दुर्बिणीचा पाया

दुर्बीण घ्यायची म्हटले की पहिला प्रश्न भिंगाचा येतो. किती इंची? किती पट मोठे दिसते? शनीची कडी दिसतील का? मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञानाशी संबंध फक्त हौसेचा. तरीही ओळखीच्या शाळांमधून, मशिदीच्या कमिट्यांमधून असे फोन येतात. ती दुर्बीण उभी कशावर राहणार, हे मात्र आजवर कुणी आपणहून विचारलेले नाही.

भाषेच्या माणसाला यात एक गंमत दिसते. ‘दुर्बीण’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. दूर म्हणजे लांब आणि बीन म्हणजे पाहणारा. उर्दूत ती दूरबीन, मराठीत दुर्बीण, इतकी घरातली की परकी वाटत नाही. ती ज्यावर उभी राहते त्या वस्तूला मात्र दोन्ही भाषांत पक्के नाव नाही. कुणी स्टँड म्हणते, कुणी तिवई, कुणी घोडा. हौशी मंडळी माउंट म्हणतात. ज्या वस्तूला नाव नाही तिच्यासाठी अंदाजपत्रकातही रकाना नसतो.

लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेला देणगीतून चांगली दुर्बीण मिळाली. आरसा उत्तम, नळी देखणी, सोबत ॲल्युमिनियमची बारीक पायांची तिवई. पहिल्या रात्री मुले रांगेत उभी राहिली आणि प्रत्येकाने गुरू थरथरताना पाहिला. नळीला बोट लागले की ग्रह नाचायचा, वाऱ्याची झुळूक आली की दिसेनासा व्हायचा. दोन कार्यक्रमांनंतर ती दुर्बीण प्रयोगशाळेच्या कपाटात गेली. मुख्याध्यापक म्हणाले, भिंग खराब निघाले. भिंगाला काहीही झालेले नव्हते.

हिशेब सोपा आहे. नळी एक मीटर लांब धरा. तिचे एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत अर्धा मिलिमीटर हलले तर दिशा एका अंशाच्या सुमारे तीन शतांशाने बदलते. उघड्या डोळ्यांना याचा पत्ताही लागणार नाही. पण दुर्बीण शंभर पट मोठे दाखवत असेल तर हा हलकावाही शंभर पट होतो, म्हणजे जवळजवळ तीन अंश. त्या अंतरात पाच-सहा पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मावतील. भिंग जितके ताकदवान, तितका पायाचा दोष मोठा होऊन दिसतो.

आकाश मोजणाऱ्यांना हे फार जुन्या काळापासून ठाऊक होते. दहाव्या शतकाच्या अखेरीस, ९९४च्या सुमारास, अबू महमूद खुजंदी याने इराणातल्या रय शहराजवळ सूर्याची उंची मोजण्यासाठी प्रचंड वर्तुळखंड उभारला. त्याची त्रिज्या सुमारे वीस मीटर होती. वर एक छिद्र, खाली अंधारात अंशांच्या खुणा असलेली कमान आणि तिच्यावर पडणारा सूर्याचा कवडसा. यंत्र जितके मोठे तितक्या खुणा बारीक करता येतात, हा त्यामागचा विचार. पण पृथ्वीच्या अक्षाच्या कलाचे त्याला मिळालेले उत्तर थोडे कमी भरले. अल-बेरूनीने याचा पाठपुरावा केला. खुद्द खुजंदीशी तो बोलला, आणि इमारत स्वतःच्याच भाराने खचून वरचे छिद्र सुमारे एक वीत खाली आले होते, हे त्याने लिहून ठेवले. हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर मला फार आवडतो. एवढ्या मोठ्या यंत्राच्या चुकीचे कारण शोधताना त्या माणसाने नजर वरून खाली, पायाकडे वळवली.

पुढे समरकंदला उलुग बेगने पंधराव्या शतकात याच जातीचे यंत्र केले, सुमारे चाळीस मीटर त्रिज्येचे, तेव्हा त्याचा खालचा भाग डोंगराच्या खडकात खोदून बसवला. आज तिथे उरला आहे तो नेमका तेवढाच भाग. तीनशे वर्षांनी सवाई जयसिंगाने ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत पितळी यंत्रांबद्दल तक्रार केली आहे. ती लहान असतात, त्यांचे आस झिजतात, हलतात, वर्तुळांचे मध्य सरकतात, असा तिचा आशय. म्हणून त्याने दिल्ली, जयपूर, उज्जैनला चुन्या-दगडाची यंत्रे बांधली. जंतरमंतरवर फोटो काढणाऱ्या पर्यटकांना ती भव्यता राजेशाही वाटते. मला त्यात डगमगत्या स्टँडला कंटाळलेला एक निरीक्षक दिसतो.

आपल्या मराठवाड्यातही असा एक प्रयत्न झाला होता. बहमनी सुलतान ताजुद्दीन फिरोजशहा विद्येचा आणि विशेषतः फलकियातचा, म्हणजे खगोलशास्त्राचा, शौकीन होता. १४०७च्या सुमारास त्याने दौलताबादजवळच्या घाटमाथ्यावर रसदगाह, म्हणजे वेधशाळा, बांधायला घेतल्याची हकिकत फरिश्ताने दिली आहे. काम पाहणारा हकीम हसन गिलानी वारला आणि बांधकाम अर्धवट राहिले. उलुग बेगच्या वेधशाळेच्या काही वर्षे आधीची ही गोष्ट. ती पुरी झाली असती तर काय झाले असते, या कल्पनेत रमायला मी तयार नाही. पण जागा डोंगरावरची, पक्क्या खडकाची निवडली होती, एवढे मी मुलांना आवर्जून सांगतो.

दुर्बिणी आल्यावर प्रश्न आणखी अवघड झाला. आता पाया स्थिर हवा आणि नळी फिरतीही हवी, कारण पृथ्वी फिरते आणि तारा तासाला पंधरा अंश पश्चिमेकडे सरकतो. यावर तोड अशी निघाली की यंत्राचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर, ध्रुवाकडे रोखून ठेवायचा आणि त्याच्याभोवती नळी घड्याळाच्या चाकांनी हळूहळू फिरवायची. यालाच इक्वेटोरियल माउंट म्हणतात. ध्रुवताऱ्याला उर्दूत कुतुब तारा म्हणतात. अरबीत कुतुब म्हणजे जात्याच्या खालच्या दगडात मधोमध रोवलेली खुंटी. सारे जाते तिच्याभोवती फिरते, ती हलत नाही. वर्गात हा माउंट समजावताना मला याहून चांगली उपमा सापडलेली नाही.

आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातल्या जेऊर स्टेशनाजवळ २२ जानेवारी १८९८ रोजी या कलेची परीक्षा झाली. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा तिथून जात होता. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे घेऊन आले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. चाळीस फुटांची नळी सूर्यामागे फिरवणे अशक्य, म्हणून त्यांनी नळी फिरवायचा नादच सोडला. भिंग स्वतंत्र आधारावर बसवले आणि कापडी नळी त्याला न टेकता वेगळी उभी केली. वाऱ्याने नळी फडफडली तरी भिंगाला धक्का लागू नये, ही त्यामागची खबरदारी. सूर्याबरोबर सरकायचे काम खालच्या टोकाला असलेल्या फोटोच्या काचेला दिले. जेऊरच्या माळावर हे सगळे दोन मिनिटांसाठी उभे केले होते.

नायगमवालांच्या पुण्याच्या वेधशाळेत डब्लिनच्या ग्रबने केलेली २० इंची परावर्ती दुर्बीण होती, त्या काळातली भारतातली सर्वांत मोठी. १९१२मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. महाराष्ट्रातल्या खगोलप्रेमींना ही गोष्ट बऱ्यापैकी माहीत असते. त्याच ग्रबची दुसरी दुर्बीण आपल्या, म्हणजे मराठवाड्याच्या, त्या वेळच्या राजधानीत होती. ती सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही.

हैदराबादचे एक उमराव नवाब जफर जंग इंग्लंडमध्ये राहून आले होते. त्यांनी ग्रबची १५ इंची दुर्बीण विकत घेतली आणि १९०१मध्ये आपल्या फिसलबंड्याच्या जागेत वेधशाळा सुरू केली. निजामाच्या परवानगीने तिचे नाव निजामिया ठेवले. १९०७मध्ये नवाबांचे निधन झाले. वेधशाळा सरकारने चालवावी ही त्यांची इच्छा होती, त्याप्रमाणे १९०८मध्ये चॅटवूड हे पहिले संचालक नेमले गेले आणि वेधशाळा बेगमपेठला हलली. ती १५ इंची दुर्बीण बेगमपेठला कामाला लागली १९२२मध्ये. भिंग घेतल्यावर वीस वर्षांनी! पंधरा इंचांचे भिंग म्हणजे त्याला साजेसा खांब, त्यावर माउंट, त्यावर घुमट आणि हे सारे सांभाळणारी माणसे हवीत. पैसे देऊन भिंग एका दिवसात घेता येते, बाकीचे उभे राहायला एक पिढी लागली.

दरम्यान खरे काम केले ते दुसऱ्या, लहान यंत्राने. यॉर्कच्या कुक कंपनीचा ८ इंची ॲस्ट्रोग्राफ म्हणजे आकाशाचे फोटो घेणारी दुर्बीण. १८८७मध्ये पॅरिसला ठरले होते की जगभरच्या वेधशाळांनी आकाश वाटून घ्यायचे आणि प्रत्येक ताऱ्याची जागा काचेवर नोंदवायची. हैदराबादच्या वाट्याला दक्षिण आकाशातला १७ ते २३ अंशांमधला पट्टा आला. तो आधी चिलीतल्या सांतियागोकडे होता, तिथे काम रखडले होते. पुढे पॉट्सडॅमकडून राहिलेला उत्तरेचा ३६ ते ३९ अंशांचा पट्टाही हैदराबादने घेतला. १९१४मध्ये ऑक्सफर्डहून पोकॉक आले, १९१८मध्ये ते वारले, आणि मग टी. पी. भास्करन यांनी १९४४पर्यंत धुरा सांभाळली. बारा खंड छापले गेले. त्यांत साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा आहेत.

हे काम रात्री कसे चाले? एकाच माउंटवर कॅमेरा आणि त्याला जोडलेली मार्गदर्शक दुर्बीण. त्या काळच्या अशा यंत्रांत वजन हळूहळू खाली उतरे आणि त्याच्या जोरावर चाके फिरून नळी ताऱ्यामागे सरके. तरीही थोडा फरक पडे. म्हणून काच उघडी असेपर्यंत निरीक्षकाने मार्गदर्शक दुर्बिणीला डोळा लावून बसायचे, एक तारा आडव्या-उभ्या तारांच्या छेदावर धरून ठेवायचा, तो सरकला की स्क्रू फिरवून परत आणायचा. खांब डगमगला, आस झिजला किंवा माणसाला डुलकी लागली तर ताऱ्यांच्या ठिपक्यांच्या रेघा होणार आणि काच वाया. दिवसा त्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एकेक ठिपका मोजायचा. वर्षानुवर्षे हेच. यात कसलाही शोध लागल्याची बातमी नाही, म्हणून या माणसांची नावे कुणाला ठाऊक नाहीत.

१९१९मध्ये ही वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. पदवीचे विज्ञानही उर्दूतून शिकवणारे ते विद्यापीठ, त्यासाठी दारुत्तर्जुमात परिभाषा घडवली जात होती. १९४४ला अकबर अली संचालक झाले. मोठ्या, ४८ इंची दुर्बिणीचा पाठपुरावा त्यांचा. ती शेवटी १९६८मध्ये शहराच्या दिव्यांपासून लांब, जपाल-रंगापूरला उभी राहिली.

इथे थोडे थांबून एक बोलायला हवे. आपल्याकडे हैदराबाद संस्थानाची आठवण दोनच सुरांत निघते. एक सूर १७ सप्टेंबरचा. रझाकारांचे अत्याचार झाले, माणसे मारली गेली, मराठी मुलांना आपल्या भाषेतून पुढचे शिक्षण मिळाले नाही. हे सगळे खरे आहे आणि ते सौम्य करून सांगायचा मला अधिकार नाही. उर्दू शिकवणारा मुसलमान म्हणून तर मुळीच नाही. दुसरा सूर आपल्याच काही घरांतला, निजामाचे हिरे, मोटारी आणि दानधर्म यांचा. या दोन्हींत बेगमपेठच्या अंधाऱ्या घुमटात स्क्रू फिरवत बसलेल्या माणसाला जागा नाही. तो तेलुगू, तमिळ, मल्याळी, उर्दू कुठल्याही घरातला असेल. त्याचा पगार संस्थानाच्या तिजोरीतून जात होता. त्या तिजोरीत नांदेड, परभणी, कंधारच्या कापूस-ज्वारीचा महसूल होता आणि तेव्हा बीदर जिल्ह्यात असलेल्या उदगीरचाही. ती वेधशाळा नवाबाच्या हौसेतून जन्मली आणि आपल्या शेतकरी आजोबा-पणजोबांच्या पैशावर चालली. मग साडेसात लाख ताऱ्यांवर कंधारच्या मुलाचा हक्क का सांगू नये? आज तो परिसर एका समाजविज्ञान संशोधन संस्थेचा आहे. जुना घुमट पडीक आहे.

याच वेधशाळेत साहाय्यक असलेल्या एका मल्याळी गृहस्थांचा मुलगा तिथे आकाश पाहत वाढला, निजाम कॉलेजात शिकला आणि १९४९ला हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला. तो म्हणजे वेणू बाप्पू, स्वतंत्र भारतातल्या खगोलशास्त्राचा शिल्पकार. तमिळनाडूत कवलूरला २.३४ मीटर आरशाची दुर्बीण उभारायचे त्यांनी ठरवले तेव्हा माउंटचा प्रश्न पुन्हा आलाच. कवलूर विषुववृत्तापासून जेमतेम साडेबारा अंशांवर, त्यामुळे ध्रुवाकडे रोखलेला आस जवळजवळ आडवा पडतो. त्यासाठी घोड्याच्या नालेच्या आकाराचा, दोन्ही टोकांना आधार असलेला माउंट केला. तो घडवला पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरने, साखर कारखान्यांची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याने. लातूरकरांना हे ऐकून आनंद व्हावा. उसाचा रस काढणारे रोलर ज्यांना नीट बसवता येतात त्यांना आकाशाकडे रोखलेला आसही बसवता येतो. १९८६मध्ये त्या दुर्बिणीला बाप्पूंचे नाव दिले गेले. ती पाहायला ते हयात नव्हते.

आता आपल्या शाळांकडे येऊ. आमच्याकडे वर्गणीतून दुर्बीण घ्यायचे ठरते आहे, आणि माझे म्हणणे स्पष्ट आहे. आठ इंची नळी डगमगत्या पायावर घेण्यापेक्षा सहा इंची पक्क्या पायावर घ्या. दुकानात एकच चाचणी करा. दुर्बीण एखाद्या लांबच्या टॉवरवर लावा, नळीला टिचकी मारा आणि थरथर थांबेपर्यंत आकडे मोजा. दोन-तीन सेकंदांत चित्र शांत झाले तर उत्तम, पाचाच्या पुढे गेले तर परत या.

मोटारीवर चालणारा इक्वेटोरियल माउंट मोहात पाडतो. फोटो काढायचे असतील तर त्याला पर्याय नाही. पण बाजारातले बरेच माउंट लंडन-न्यूयॉर्कच्या चाळीस-पन्नास अंशांसाठी घडवलेले असतात. नांदेड १९ अंशांवर, लातूर साडेअठरावर. इथे आस इतका खाली झुकतो की मागचे वजन तिवईच्या पायाला अडते आणि सगळे यंत्र एका बाजूला ओथंबते. काहींची पट्टी तर एवढ्या खाली उतरतच नाही. घेण्याआधी हे विचारून घ्या. शिवाय कुतुब तारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर. शहरात तो कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीमागे असतो.

शाळेसाठी मी डॉब्सोनियन सुचवतो. जॉन डॉब्सन हा अमेरिकेत रामकृष्ण परंपरेच्या मठात राहणारा संन्यासी. जहाजाच्या खिडकीची काच घासून आरसे, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवूडची पेटी यांतून तो दुर्बिणी करायचा. मठातून बाहेर पडावे लागल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर लोकांना चंद्र दाखवत बसला. त्याच्या स्टँडमध्ये स्क्रू-चाके जवळजवळ नाहीतच. खाली फिरती पेटी, वर नळीचे दोन कान, आणि घर्षणासाठी टेफ्लॉनचे तुकडे खरखरीत सनमायक्यावर. बोटाने ढकलले की सरकते, सोडले की तिथेच राहते. आपला कुठलाही सुतार मिस्त्री हे चार दिवसांत करून देईल. फक्त त्याला सांगा की खालचे तीन टेफ्लॉन तुकडे बरोबर तीन पायांच्या वर आले पाहिजेत, नाहीतर तळफळी लवते. तारा दर दोन मिनिटांनी नजरेबाहेर जातो हे खरे, पण रांगेतल्या पोरांना ढकलायला शिकवले की पृथ्वी फिरते हे वेगळे शिकवावे लागत नाही. शाबानच्या २९ तारखेला चाँद बघायलाही हाच स्टँड सोयीचा. क्षितिजालगत आडवी नळी फिरवत नेता येते, आणि हातात असतो जेमतेम अर्धा-पाऊण तास.

वजन म्हणजे मजबुती, हा समज तेवढा सोडा. मिस्त्री जाड प्लाय सुचवतो, वेल्डर जाड लोखंड. १९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीत जी घरे कोसळली त्यांच्या भिंती दोन-दोन हात जाड होत्या. दगड भारी, पण चिखलात रचलेला, वर मातीचे माळवद. सांधा नव्हता. लातूरच्या माणसाला हे मी सांगायला नको. पेटीच्या कोपऱ्यांना डिंक आणि स्क्रू दोन्ही लावा, आत तिरका आधार ठोका.

कायमचा खांब उभारायचा असेल तर गच्चीवर नको, कुणी चालले तरी स्लॅब थरथरतो. मैदानात घ्या, पण आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात रोवलेला खांब दरवर्षी थोडा कलणारच. मुरूम लागेपर्यंत खणा, तिथून काँक्रीट उचला, आणि खांबाभोवतीची फरशी खांबाला चिकटवू नका, बोटभर फट ठेवा, म्हणजे पोरांच्या पायांची धडधड खांबापर्यंत जाणार नाही. लोखंडी पाइप असेल तर आत कोरडी वाळू भरा. आमच्या मैदानात खड्डा आखून झाला आहे. मेच्या सुट्टीत, जमीन कोरडी असताना खणायचा आहे, आणि मुरूम किती हातांवर लागतो यावर आठवीच्या वर्गात पैजा लागल्या आहेत.